विदा केंद्राचा उन्हाळा

आज सकाळी दिवाकरभाऊने माझा कूलर जिन्याखालून ओढून अंगणात आणला. लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा तो आवाज आला आणि मी मनाशी म्हटलं, लागला बाप्पा उन्हाळा. नागपुरात उन्हाळा कॅलेंडर पाहून कळत नाही, या आवाजावरून कळतो. मार्च उलटला की एकेका घरातून तो निघायला लागतो. मग चार दिवसांत सगळ्या अंगणांत कूलरमधल्या जुन्या गवताचे ढीग पडतात, आणि पोट्टे त्या ढिगांवर उड्या मारून अंगाला खाज सुटली की रडत घरी जातात. दिवाकरभाऊ आमच्या गल्लीचा कूलर मेकॅनिक. साठीला आला तरी पंख्यात हात स्वतःच घालतो, दुसऱ्यावर भरवसा नाही. त्याने बाजूच्या ताट्या उघडल्या, काळं पडलेलं गवत उपसलं आणि तळाशी धरलेला पांढरा थर खरवडता खरवडता म्हणाला, “मॅडम, मागच्या साली तुमचा कूलर कमी अन् तुमचं टकुरं जास्त चाललं. त्या विदा केंद्रानं सगळ्यायचंच टकुरं तापवलं होतं.”

“सगळ्यायचं नाही, सगळ्यांचं,” मी म्हटलं.

“तेच तं म्हटलं नं,” तो म्हणाला आणि खरवडत राहिला.

मी मराठीची शिक्षिका. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जिभेला कुठं निवृत्ती असते! दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मी दुकानदाराला सांगून येते. बँकेतला फॉर्म इंग्रजीत असला तर मराठी मागते, मिळेपर्यंत उठत नाही. महानगरपालिकेला मी आजवर जितकी पत्रं लिहिली, त्यातली अर्धी तरी ‘आपल्या सूचना शुद्ध मराठीत असाव्यात’ या एकाच विषयावर असतील. गल्लीत माझा धाक आहे, असं लोक म्हणतात. मला ते ऐकायला आवडायचं. मागच्या उन्हाळ्यापर्यंत तरी आवडायचं.

आमची गल्ली नागपूरच्या महाल भागाच्या मागच्या अंगाला, दोन जीपगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं एवढी. एका टोकाला विणकरांच्या सोसायटीचं गोदाम. हातमाग कधीच थांबले, सोसायटी नावापुरती उरली, गोदामाच्या पत्र्यावर पिंपळ उगवला. पण गोदामाच्या आवारात विहीर आहे. भोसल्यांच्या वेळची म्हणतात. आठकोनी, काळ्या दगडाची, आत उतरायला पायऱ्या. पूर्वी तिच्या काठावर सूत रंगवायचे, म्हणून आमचं नाव रंगारी गल्ली. पाणी प्यायला चालत नाही, जरा खारं आहे. पण उन्हाळ्यात आमची अख्खी गल्ली त्या पाण्यावर जगते, कारण त्यावर आमचे कूलर चालतात.

बाहेरच्या माणसाला हे समजत नाही, म्हणून सांगते. नळाचं पाणी तासभर येतं, ते पिण्या-रांधण्याला. ते कूलरमध्ये ओतणं म्हणजे आमच्याकडे पाप. कूलरला विहिरीचं पाणी. त्याची पाळी असते. विहिरीवर एक मोटर, तिला लांबच लांब निळा पाइप, आणि गोदामाच्या भिंतीवर खडूने लिहिलेली घरांची नावं. दुपारी बारा वाजता पहिली पाळी अनुसयाबाईची. त्या पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात, वर टिनाचं छप्पर. त्यांचा कूलर भरला की मग बाकीच्यांनी पाइपला हात लावायचा. हा नियम कोणी केला माहीत नाही. एका वर्षी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, सुरू झाला, मोटर जळाली, दोन दिवस पाळी बंद पडली, आणि अनुसयाबाई खोलीत ऊन लागून पडलेल्या सापडल्या. सलाइन लावावी लागली. तेव्हापासून मोटर बिघडली तर दिवाकरभाऊ हातातलं ताट बाजूला सारून उठतो.

मागच्या वर्षी चैत्रात गोदामाच्या फाटकावर नोटीस लागली. चार-सहा माणसं जमली, वाचून एकमेकांकडे पाहायला लागली, आणि मग नेहमीप्रमाणे मला बोलावणं आलं. मी चष्मा घेऊन गेले. नोटीस वाचून मला आधी आनंदच झाला, कारण त्यात इंग्रजी शब्द एकही नव्हता. ‘सदर जागेवर विदा केंद्र उभारण्याचे प्रस्तावित असून, परिसरातील नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांचे आत लेखी सादर कराव्यात.’ खणखणीत वाक्य. माझ्या पत्रांचा उपयोग झाला म्हणायचा, असं वाटलं.

“काय म्हणते मॅडम ते? विदा केंद्र?” दिवाकरभाऊने विचारलं.

मी एक क्षणही थांबले नाही. आज आठवलं की कान तापतात. मी म्हटलं, “विदा म्हणजे निरोप. आपण विदाई म्हणतो ना, लग्नानंतर मुलीची? तोच शब्द. विदा केंद्र म्हणजे जिथून विदाई होते ते. मंगल कार्यालय बांधत आहेत.”

अनुसयाबाई काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी घाबरून विचारलं, “माय, शेवटची विदाई तं नाही नं वं? मुडदे ठेवाचं घर?”

“छे हो. तसं असतं तर ‘अंत्य’ शब्द घातला असता,” मी सांगितलं. व्युत्पत्तीसकट सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

नागपूरच्या माणसाला हसू नका. आमच्या तोंडात अर्धी हिंदी आहे, लग्नाच्या बँडपासून बिदाईच्या रडण्यापर्यंत. पुण्याच्या माणसाने ‘विदा’ वाचून कदाचित कपाळाला आठ्या घातल्या असत्या आणि कोणाला तरी विचारलं असतं. आमच्याकडे शब्द ओळखीचा निघाला, आणि ओळखीच्या शब्दाला कोणी अर्थ विचारत नाही. बरं, हॉलची गल्लीला गरजही होती. दिवाकरभाऊच्या मोठ्या मुलीचं लग्न नंदनवन भागातल्या हॉलमध्ये झालं, तेव्हा अर्धं वऱ्हाड रस्ता चुकून दुसऱ्याच लग्नात जेवून आलं. धाकटी लग्नाची आहे. “घरापासून पायी चालत वरात,” तो म्हणाला, “अजून काय पायजे गा मान्साले!”

त्याच आनंदात ठरलं की नुसतं गप्प बसायचं नाही. लोक कायम तक्रारी करतात, आपण चांगल्या कामाला चांगलं म्हणायचं. पत्र अर्थातच मी लिहिलं. ‘आमची काहीही हरकत नसून, उलट या स्तुत्य उपक्रमाचे आम्ही सर्व रहिवासी मनःपूर्वक स्वागत करतो. केंद्र लवकरात लवकर कार्यान्वित व्हावे.’ गल्लीच्या तोंडाशी सुलभाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सुलभा गल्लीतच राहते, माझीच विद्यार्थिनी, आता चाळिशी ओलांडली. तिच्याकडे जाऊन मी पत्र सांगितलं, तिने टाइप केलं, आणि दिवाकरभाऊ घरोघर फिरून सह्या घेऊन आला. अनुसयाबाईंनी अंगठा दिला. मी स्वतः जाऊन महानगरपालिकेच्या झोनच्या ऑफिसात पत्र दिलं आणि पोच घेतली. असं काम मी अर्धवट सोडत नाही.

तो महिना छान गेला, हे मान्य केलं पाहिजे. भिवापूरच्या मिरच्या गच्चीवर वाळत पडल्या होत्या, दुपारभर शिंका येत होत्या. कुरडयांचा चीक हाटताना बाया हॉलचीच चर्चा करत होत्या. आत खुर्च्या असतील का पंगती? नवरीची खोली वेगळी असेल का? कोणीतरी म्हणालं, विहिरीला रंग देऊन वर फुलं लावली तर फोटो काय सुंदर येतील. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, हातात पन्ह्याचा पेला, आणि तोंडात विदा केंद्र. पोट्ट्यांनी गोदामाच्या फाटकासमोर खोटी लग्नं लावली, त्यात नवरी रुसली म्हणून भांडणही झालं.

मग निनादचा फोन आला. निनाद माझा मुलगा, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रविवारी आम्ही एकमेकांचे चेहरे पाहत बोलतो. मी त्याला कौतुकाने पत्राची प्रत कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. त्याने वाचली. आधी तो हसला, मग हसायचं थांबला.

“आई, विदा म्हणजे डेटा.”

“काय?”

“डेटा. माहिती. विदा केंद्र म्हणजे डेटा सेंटर. तुम्ही डेटा सेंटरचं स्वागत केलंत.”

“मग सरळ डेटा सेंटर लिहायचं होतं त्यांनी!” मी ओरडले. वाक्य तोंडातून गेलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं. आयुष्यभर मी ज्यांना शुद्ध मराठीत लिहा म्हणून छळलं, त्यांनी एकदा लिहिलं, आणि मला समजलं नाही.

निनादने नीट समजावून सांगितलं. मोठ्या मोठ्या खोल्या, त्यात मशीनच मशीन, लोकांचे फोटो, बँकेचे व्यवहार, सगळं त्यात साठतं. मशीन तापतात. दिवसरात्र गार ठेवावी लागतात. त्याला वीज लागते, पुष्कळ ठिकाणी पाणीही लागतं, वीज गेली तर डिझेलची जनरेटरं. मी विचारलं, “आणि आपला हा फोन, हे आपण बोलतोय, नातवाचे फोटो तू पाठवतोस, ते?” तो म्हणाला, “तेही अशाच कुठल्या तरी सेंटरमधून.” माझ्या नातवाचे फोटो कुठल्या तरी गावात कोणाच्या तरी पाण्यावर गार राहत असणार. मला ते खोडता आलं नाही आणि आजही येत नाही. फक्त एवढंच म्हणते, की शहराबाहेर मिहानमध्ये कंपन्यांसाठीच एवढी जमीन मोकळी ठेवली आहे. तीनशे वर्षांच्या गल्लीत, लोकांच्या भिंतीला भिंत लावून हे कशाला?

गल्लीला सांगायची वेळ माझ्यावर आली. मी गोदामाच्या फाटकाशी उभी राहून सांगितलं. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे हॉल नाही?” दिवाकरभाऊने विचारलं.

“नाही.”

“मशीन राहतीन?”

“हो.”

“अन् त्यायले गार कराले पानी लागन?”

“हो.”

त्याने विहिरीकडे पाहिलं. आयुष्य कूलर दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, त्याला जास्त समजावायची गरज नव्हती. “म्हणजे मशीनले कूलर,” तो म्हणाला, “अन् आपन पंख्याखाली.”

दुसऱ्या दिवशी आम्ही झोनच्या ऑफिसात जाऊन नकाशा पाहिला. नकाशात आमच्या विहिरीच्या जागी एक छोटा गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘निरुपयोगी विहीर, बुजविणे’. आवारात तीन बोअर घ्यायच्या होत्या. जनरेटर अनुसयाबाईंच्या भिंतीला लागून. मी तो नकाशा दोनदा वाचला. ‘बुजविणे’ हे क्रियापद मी मुलांना कितीदा चालवायला दिलं असेल! त्या दिवशी ते वाचवेना.

हरकतींची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

मग सुरू झालं ते आंदोलन. आंदोलन म्हणजे फार मोठं काही नाही. गोदामाच्या फाटकासमोर सतरंजी, वर जुन्या चादरींचा मांडव, आणि आळीपाळीने बसणारी माणसं. रोहिणी लागल्या होत्या, नवतप्याचे दिवस. त्या दिवसांत नागपूरचा माणूस बाराच्या पुढे रस्त्यावर दिसत नाही, आणि आम्ही बरोबर बारा ते चार बसायचो, कारण बोअरची गाडी त्याच वेळी येईल असं कोणीतरी सांगितलं होतं. डांबर मऊ होऊन चपला चिकटायच्या. मातीच्या माठातलं पाणीसुद्धा कोमट. पण पाळी मोडली नाही. बाराला मोटर सुरू व्हायची, निळा पाइप मांडवावरून जायचा, अनुसयाबाईंचा कूलर भरला की पाइप पुढच्या घरी. एके दिवशी अनुसयाबाईच मांडवात येऊन बसल्या. “तुमी उन्हात बसून राहिले अन् मी कूलरमंदी कशी बसू वं माय?” त्यांना परत घरी पाठवायला तीन माणसं लागली.

कंपनीचा माणूस एकदा आला. तरुण, गोड बोलणारा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पन्हं प्यायला, चांगलं झालंय म्हणाला, आणि मग बॅगेतून एक कागद काढला. “पण मॅडम, हे आपलंच पत्र आहे.”

माझंच होतं. मी हातात घेतलं. स्वल्पविराम जिथल्या तिथे. ‘मनःपूर्वक’ मधला विसर्गसुद्धा बरोबर. खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या, आणि त्यात अनुसयाबाईंचा निळा अंगठा. आयुष्यात इतकं निर्दोष पत्र मी लिहिलं नव्हतं, आणि ते पुसून टाकता आलं असतं तर मी हाताने पुसलं असतं. तो मुलगा निघून गेला. दिवाकरभाऊने माझ्यासमोर पन्ह्याचा पेला सरकवला आणि म्हणाला, “पिऊन घ्या मॅडम, ऊन लय आहे.” एवढंच. मला तिथे रडू आलं. मी ते घाम पुसल्यासारखं पुसलं, पण ओळखलं असणार सगळ्यांनी.

आमच्या अर्जांवरून शेवटी सुनावणी लागली. झोनच्या ऑफिसात साहेबांच्या खोलीत एसी इतका होता की आमच्यातल्या दोघी पदर गुंडाळून बसल्या. कंपनीच्या वकिलाने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. चांगलं वाचलं, विरामचिन्हं सांभाळून. मग साहेब म्हणाले, “नागरिकांनीच स्वागत केलेलं दिसतंय. आता हरकत कशी?”

मी उठले. बोलायचं पाठ करून गेले होते. गैरसमज, संदिग्धता, अर्थबोध, असे शब्द होते त्यात. त्यातला एकही आठवेना. समोर साहेब, मागे गल्ली, त्यात माझ्या हाताखालून गेलेली निम्मी माणसं. मी म्हटलं, “साहेब, पत्र मी लिहिलं. या सगळ्यांनी माझ्या भरवशावर सही केली. मी मराठी शिकवली जन्मभर. पण मले तो शब्द समजला नाही.”

‘मले’. जन्मभर लोकांच्या तोंडातून जे खोडत आले, ते माझ्याच तोंडातून निघालं. माझी आई तसंच बोलायची. मागे कोणीतरी खोकललं. मी तशीच पुढे बोलले. विदाई सांगितली, मंगल कार्यालय सांगितलं, वरात सांगितली. साहेबांना हसू आवरेना, पण मी विहिरीवर आले, पाळीवर आले, अनुसयाबाई सापडल्या त्या दिवसावर आले, तेव्हा ते हसायचे थांबले. त्यांनी आपल्या बाबूला विचारलं, “विदा म्हणजे डेटा, हे तुम्हाला माहीत होतं?” बाबू म्हणाला, “सर, वरून जसं आलं तसं लावलं.”

साहेबांनी निकाल दिला. पत्र ग्राह्य धरू नये, नोटीस लोकांना समजेल अशा भाषेत पुन्हा काढावी, मुदत नव्याने द्यावी. आम्ही जिंकलो नव्हतो. पण बोअरची गाडी तरी आली नाही. त्या उन्हाळ्यात विहीर राहिली, आणि लोकांनी मला माफ केलं, म्हणजे निदान चेष्टा करायला लागले. अजून कोणाकडे लग्न निघालं की विचारतात, “मॅडम, विदा केंद्र बुक करू काय?” मी हसते. चेष्टा सोसायला सोपी असते.

परवा नवी नोटीस लागली. या वेळी मोठ्या अक्षरात ‘डेटा सेंटर’, खाली हिंदीतही. विहीर अजून ‘निरुपयोगी’च आहे. तीस दिवस आहेत. आज दिवाकरभाऊ कूलर भरून, चालवून दाखवून गेला, नव्या वाळ्याचा वास घरभर सुटला, आणि मी मुद्दे लिहिलेला कागद घेऊन सुलभाच्या दुकानात गेले.

दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघीच. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. विहीर वापरात आहे, ही पाळीची यादी, हे फोटो, ही अनुसयाबाईंची दवाखान्याची कागदं. सगळं मुद्देसूद. पण त्याआधी मागच्या पत्राचा निकाल लावणं भाग होतं, कारण कंपनी ते पुन्हा काढणार. म्हणून पहिला परिच्छेद मी ठरवूनच आणला होता. मी सांगितलं, “‘सदर पत्र गैरसमजातून लिहिले गेले. गल्लीतील एकाही रहिवाशास विदा या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता.’ पूर्णविराम.”

कीबोर्ड थांबला.

“मॅडम, हे वाक्य नका टाकू.”

“काहून?”

“खोटं आहे ते. मले माहीत होतं.”

मला वाटलं, नंतर कळलं असं ती म्हणते आहे. मी म्हटलं, “नंतर तर सगळ्यांनाच कळलं.”

“नंतर नाही, पहिलेच. मी पोरायचे नोकरीचे फॉर्म भरून देते नं. त्यात ‘विदा नोंद’ लिहून राहते. म्हणजे डेटा एंट्री. तुमी पत्र सांगून राहिल्या होत्या, तवाच मले समजलं होतं का हे हॉलचं नाही.”

माझ्या हातातला कागद मी टेबलावर ठेवला. “मग बोलली का नाहीस, सुलभा? एक शब्द बोलली असतीस तर...”

ती स्क्रीनकडेच पाहत होती. “सहावीत तुमी एका शब्दाचा अर्थ सांगितला होता. मी उठून म्हटलं, मॅडम, मले याचा दुसरा अर्थ माहीत आहे. तुमी म्हटलं, मले नाही, मला. आधी नीट बोलायला शिक, मग अर्थ सांग. सगळा वर्ग हसला. मी बसून गेली. मंग तुमच्यासमोर अर्थ सांगाची हिंमत नाही झाली कधी. त्या दिवशी बी तोंड उघडलं होतं मी. पन तुमी इतक्या भरवशानं सांगून राहिल्या होत्या.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी तो तास आठवायचा प्रयत्न केला. कोणता वर्ग, कोणता धडा, ती कुठल्या बाकावर बसायची. काहीच आठवेना. आठवणार कसं? असं मी रोज कोणाला ना कोणाला म्हणत होते, आणि त्याला शिकवणं म्हणत होते. त्या तासानंतर किती मुलांनी तोंडं मिटून घेतली असतील, कोण जाणे. ते पत्र, त्या सह्या, तो अनुसयाबाईंचा अंगठा, नवतप्यातला तो मांडव, सगळं एका वाक्याने टळलं असतं. ते वाक्य माझ्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसलेलं होतं.

“सॉरी, मॅडम,” सुलभा म्हणाली.

“तू कशाला सॉरी?” मी जरा जोरातच म्हटलं. मग पाणी मागितलं, प्याले, आणि चष्मा पुसला. “ते वाक्य काढ. दुसरं घे. ‘गल्लीतील एका रहिवाशास शब्दाचा अर्थ ठाऊक होता. पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीने तिला बोलू दिले नाही.’”

“मॅडम, याच्यानं आपलंच नुकसान होईन. ते म्हणतीन, माहीत होतं तं सही काहून केली?”

“म्हणू देत. पाण्याचं जे आहे ते पुढच्या पानांवर आहे, तेही खरं आहे. हेही खरं आहे. टाइप कर.”

तिने टाइप केलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ‘व्यक्तीने’च्या पुढे कंसात माझं नाव घालू का, असं बोटानेच विचारलं. मी हो म्हटलं. प्रिंटर सुरू झाला. मला राहवेना.

“सुलभा, तो शब्द कोणता होता वं? सहावीतला. त्याचा दुसरा अर्थ तुले काय माहीत होता?”

कागद बाहेर येत होता. तिने तो हळूच ओढून घेतला, माझ्यासमोर ठेवला आणि थोडा विचार केला.

“नाही आठवत, मॅडम,” ती म्हणाली. “‘मला’ तेवढं आठवते.”